प्रोसेसरचं तापमान: तीन सॉफ्टवेअर, तीन आकडे. खरं कोणाचं मानायचं?

मंद_दिवा | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मधला लेप) खरवडून काढली आणि नवी लावली. फरक पडला का ते बघायला तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. मग खात्रीसाठी दुसरं टाकलं, मग तिसरं. तिथेच माझं चुकलं.

मशीन बाराव्या पिढीच्या आय५चं आहे, सहा कोअर, वर साधा टॉवर कूलर. काहीही चालू नसताना पहिलं सॉफ्टवेअर म्हणतं २७.८. दुसऱ्यात ‘सीपीयू’ नावाखाली ३८. तिसरं प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा देतं, ते सगळे ३२ ते ३५च्या मध्ये. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण भार देणारी चाचणी) लावलं की तिसरं क्षणात पन्नाशीच्या पुढे उडी मारून ६०-६१वर स्थिरावतं, दुसरं रमतगमत ४८पर्यंत येतं, आणि पहिलं २७.८वरून हलत नाही. मी काहीही केलं तरी २७.८. बायोसमध्ये जाऊन पाहिलं तर तिथे चौथाच आकडा, ४६, आणि तोही काही न करता!

खोलीत २७ अंश आहे. यातलं खरं कोण? आणि मुळात खरं-खोटं घरच्या घरी तपासता येतं का? ‘अमुक सॉफ्टवेअर चांगलं आहे’ एवढं उत्तर नकोय, का ते हवंय.

हातसफाई | सोमवार, रात्री ११:०८

कूलरच्या पात्यांना हात लावा. चटका बसला तर गरम, नाही बसला तर ठीक. पंधरा वर्षं मशिनं उघडतोय, सॉफ्टवेअरच्या आकड्यांवर कधीच विसंबलो नाही. ६१ अंश असतं तर बोट टेकवता आलं असतं का?

आकडेमोडे | सोमवार, रात्री ११:४०

हातसफाईभाऊ, बोट टेकतं कूलरला, मोजायचंय सिलिकॉन. दोघांच्या मधे पेस्ट, धातूचं झाकण, पुन्हा पेस्ट, तांब्याच्या नळ्या एवढा प्रवास आहे. आतलं ६१ असताना पाती पस्तीस-चाळीसवर असणं अगदी स्वाभाविक आहे.

मंद_दिवा, तुमचे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण कामाचा तोच. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरपाशी डिजिटल सेन्सर असतो. गंमत अशी की तो ‘मी ३५ अंशांवर आहे’ असं सांगतच नाही. ‘कमाल मर्यादेपासून मी ६५ अंश खाली आहे’ एवढंच सांगतो. या मर्यादेला टीजे-मॅक्स म्हणतात. तुमच्या प्रोसेसरला ती १०० आहे. सॉफ्टवेअर १००मधून ६५ वजा करून ३५ दाखवतं. म्हणजे पडद्यावरचा आकडा थेट मोजलेला नाही, वजाबाकी करून आलेला आहे. टीजे-मॅक्स चुकीचं धरलं की सगळे आकडे तेवढ्याने सरकले. आताच्या प्रोसेसरमधून टीजे-मॅक्ससुद्धा वाचता येतं, त्यामुळे ती चूक दुर्मिळ झालीय. जुन्यांमध्ये अंदाज करावा लागायचा आणि त्यावरून बरीच भांडणं झालीत.

दुसऱ्या सॉफ्टवेअरचा ३८ बहुधा मदरबोर्डवरच्या सुपर आय/ओ चिपकडून (पंखे, तापमान यांवर देखरेख करणारी चिप) येतोय, नुवोटॉन किंवा आयटीई यांपैकी कुणाची तरी. त्या चिपला जोडलेला सेन्सर सॉकेटच्या आसपास असतो. तो बोर्डाचं ऊन मोजतो म्हणा ना. ओळखायची खूण तुम्हीच लिहिलीय: ‘रमतगमत’. सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा, त्यात पन्नास-साठ वॉट ओतले की सेकंदाच्या आत तो दहा-पंधरा अंशांनी उडी मारतो आणि भार काढला की तितक्याच झटक्यात खाली येतो. जो आकडा उडी मारत नाही तो सिलिकॉनचा नाही. (काही बोर्डांवर ही चिप प्रोसेसरकडूनच पीईसीआय नावाच्या तारेवरून तापमान घेते, तेव्हा ‘सीपीयू’ नावाखाली खरा आकडाही मिळतो. नावावर जाऊ नका, चालीवर जा.)

२७.८बद्दल मला वाटतं ते उद्या लिहितो, आधी खात्री करतो.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १:२५

२७.८ मी सांगतो, त्याच्याशी जुनी ओळख आहे. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की ‘एसीपीआयटीझेड’ नावाखाली हाच आकडा कित्येक मशिनांवर दिसतो. एसीपीआयमध्ये (बोर्डाने ऑपरेटिंग सिस्टिमला माहिती द्यायची ठरलेली पद्धत) तापमान केल्विनच्या दहाव्या भागात लिहायची पद्धत आहे. बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, कुणीतरी ३०१० हा आकडा ठोकून ठेवलेला असतो. ३०१० म्हणजे ३०१.० केल्विन, त्यातून २७३.२ गेले की राहिले २७.८. मागे सेन्सरच नाही. भिंतीवर रंगवलेलं घड्याळ आहे ते.

तुमचं पहिलं सॉफ्टवेअर विंडोजकडून ‘थर्मल झोन’ मागतंय आणि विंडोज फर्मवेअरचं उत्तर तसंच पुढे ढकलतंय. काढून टाका.

बायोसचा ४६ मात्र खरा असू शकतो. बायोसमध्ये असताना कोअर झोपत नाहीत. विंडोज किंवा लिनक्स सुरू झाल्यावर रिकामे कोअर गाढ झोपी जातात आणि वीज जवळपास बंद होते, म्हणून तिथे ३३ दिसतं. ‘बायोसमध्ये काहीच चालू नाही तरी इतकं गरम का’ या प्रश्नाचं उत्तर तेच.

आता एएमडीवाल्यांसाठी थोडं, कारण हा धागा शोधत ते येणारच. के१०टेम्प या लिनक्स ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलंय की जुन्या प्रोसेसरांचं ‘टीसीटीएल’ हे प्रत्यक्ष भौतिक तापमान नव्हे, स्वैर मोजपट्टीवरचा आकडा आहे. पंखे किती जोरात फिरवायचे ते ठरवण्यापुरता. कूलर चांगला असला की रिकाम्या मशीनवर खोलीपेक्षाही कमी तापमान दिसायचं ते त्यामुळे. २०१७मध्ये रायझन आला तेव्हा उलटी तऱ्हा. १७००एक्स आणि १८००एक्समध्ये एएमडीने मुद्दाम २० अंश मिळवलेले होते, म्हणजे सगळ्या प्रोसेसरांना पंख्यांचं एकच धोरण चालावं. लोक ८० बघून हबकायचे, आत असायचं ६०. पुढे २७००एक्समध्ये हा फरक १० होता, पहिल्या मोठ्या थ्रेडरिपरमध्ये २७. आता बहुतेक सॉफ्टवेअरं तो वजा करून ‘टीडाय’, म्हणजे आतलं खरं तापमान, वेगळं दाखवतात.

मी स्वतः १७००एक्स घेतला तेव्हा आठवडाभर कूलर काढ, कूलर लाव, एवढंच केलं होतं. असो.

घाबरट_ससा | मंगळवार, सकाळी ८:१४

धागा हायजॅक करतोय, माफ करा, पण माझा १०४ दाखवतोय!!! मशीन बंद करू का?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:३१

त्या १०४च्या पुढे कोणतं अक्षर आहे ते बघा आधी.

घाबरट_ससा | मंगळवार, सकाळी ८:३६

एफ. :(

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:३९

४० अंश सेल्सिअस. निवांत बसा.

हातसफाई | मंगळवार, दुपारी १:०२

बोट नको तर नको. माझ्याकडे लेझरचं थर्मामीटर आहे, बंदुकीसारखं. आत्ताच माझ्या चालू मशीनच्या कूलरच्या बुडावर, प्रोसेसरला अगदी चिकटून, रोखून पाहिलं: ३१. सॉफ्टवेअर म्हणतं ५८. आता यंत्र खोटं का सॉफ्टवेअर?

सोल्डरचा_धूर | मंगळवार, दुपारी २:२०

यंत्र खरं आहे, मोजतंय भलतंच. ती बंदूक पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण मोजते आणि पृष्ठभाग मळकट, निस्तेज आहे असं गृहीत धरते. बहुतेकांमध्ये उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगले किरण सोडतो त्याचं माप, कमाल १) ०.९५वर पक्की केलेली असते. चकचकीत अॅल्युमिनियमची उत्सर्जकता ०.१च्याही खाली असू शकते. म्हणजे तुमच्या कूलरचं बूड बंदुकीच्या दृष्टीने आरसा आहे. त्यात तिला खोलीचं प्रतिबिंब दिसतं, तुमचं स्वतःचंसुद्धा. ३१ हे बऱ्याच अंशी तुमच्या खोलीचं तापमान असणार. (लेझरचा ठिपका फक्त नेम दाखवायला असतो, मोजण्याशी त्याचा संबंध नाही.)

करून बघा: बुडावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावा, पाच मिनिटं थांबा, मग पट्टीवर रोखा. आकडा एकदम चढेल. पण तरी ते कूलरचंच तापमान, प्रोसेसरचं नव्हे.

आतला सेन्सर कसा चालतो तेही सांगतो, म्हणजे कुठे चुकू शकतो ते कळेल. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला की त्यावरचा व्होल्टेज दर अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने घटतो. पण हा व्होल्टेज प्रत्येक डायोडचा थोडा वेगळा, म्हणून एक चलाखी करतात: एकाच डायोडमधून लहान-मोठे दोन प्रवाह सोडून दोन्ही वेळच्या व्होल्टेजमधला फरक बघायचा. तो फरक केल्विनमधल्या तापमानाच्या सरळ प्रमाणात असतो. दिसायला सुंदर, पण हा फरक अंशामागे मिलिव्होल्टच्याही काही दशांशांएवढा. शेजारी अब्जावधी ट्रान्झिस्टर धडाधड उघडझाप करतायत आणि त्या गोंगाटात एवढीशी कुजबुज ऐकायची. पेन्टियम ३च्या काळात डायोड प्रोसेसरमध्ये आणि मोजणारी चिप बोर्डावर असायची, त्यामुळे मधल्या तारांचा रोधसुद्धा आकड्यात मिसळायचा. आता मोजणी आतच होते, पण कुठेतरी जुळवून घ्यावंच लागतं. इंटेलने हा सेन्सर वरच्या टोकाला अचूक राहावा असाच बेतलाय, कारण त्याचं मूळ काम प्रोसेसर वाचवणं हे आहे. ९५ आणि १०० यांत त्याची चूक परवडत नाही. ३० म्हणाला आणि असलं ३५, तर कुणाचं काय बिघडतंय?

म्हणून रिकाम्या मशीनचे आकडे एकमेकांना दाखवून ‘माझा २९, तुझा ३४’ करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ज्या टोकाला सेन्सर सर्वात कच्चा, नेमकी तिथेच स्पर्धा.

जुनी_खोकी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

धूरसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्या घरात जिवंत पुरावा आहे. कोअर २ ड्युओ ई८४००, अजून चालू. त्याचा दुसरा कोअर ४१च्या खाली जात नाही. रात्रभर बंद ठेवलेलं मशीन पहाटे सुरू केलं तरी ४१. भार दिला की मात्र ४१ सोडून पहिल्या कोअरच्या बरोबरीने शहाण्यासारखा चढतो. त्या काळच्या ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरांमध्ये हे सर्रास होतं, सेन्सर खालच्या बाजूला अडकून बसायचे. सुरुवातीला मी दुकानात परत द्यायला निघालो होतो.

आणि आकडेमोडे म्हणतात ती भांडणं या प्रोसेसरवरूनच. डेस्कटॉप कोअर २मधून टीजे-मॅक्स वाचता यायचं नाही. एक सॉफ्टवेअर ९५ धरायचं, दुसरं १०५, आणि मग एकाच मशीनवर एकाच क्षणी दोघांत १० अंशांचा फरक. २००८मध्ये इंटेलने आकडे जाहीर केले तेव्हा कुठे वाद थंडावला. माझ्या प्रोसेसरचा १०० निघाला. दोघंही चुकले होते!

मंद_दिवा | मंगळवार, रात्री ९:४०

बापरे, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पहिलं सॉफ्टवेअर उडवलं. दुसऱ्याचं बघितलं, आकडेमोडे म्हणाले तसंच आहे: भार काढल्यावर तिसरं दोन सेकंदांत ६१वरून ४४ला आलं, दुसरं पाच मिनिटं रेंगाळत होतं. म्हणजे तिसरंच सिलिकॉनचं.

पण मग तेही बरोबर आहे हे कशावरून? एक विचार आला. पंखा मुद्दाम मंद करून, जड भार देऊन १००पर्यंत जाऊ द्यायचं. बरोबर १००ला प्रोसेसर वेग कमी करायला लागला तर सेन्सर खरा. कसं वाटतं?

आकडेमोडे | मंगळवार, रात्री १०:२०

अर्धंच सिद्ध होईल. वेग कमी करायचा निर्णय प्रोसेसर त्याच सेन्सरकडे बघून घेतो. साक्षीदारही तोच आणि न्यायाधीशही तोच. सेन्सर पाच अंशांनी चुकत असेल तर थ्रॉटलिंगही पाच अंशांनी चुकीच्या जागी होईल, आणि पडद्यावर १००च दिसेल. फक्त एवढं कळेल की सॉफ्टवेअरने धरलेलं टीजे-मॅक्स प्रोसेसरशी जुळतं का. त्यातही लॅपटॉपवाल्यांनी सावध: बरेच उत्पादक मर्यादा ५-१० अंश खाली ओढून ठेवतात, तिथे ९०लाच वेग पडतो आणि माणूस उगाच सेन्सरवर संशय घेतो.

खरी तपासणी हवी तर बाहेरचा पुरावा पाहिजे, जो सेन्सरच्या हातात नाही. असा एकच माझ्या ओळखीचा: खोलीची हवा.

कूलरचा साधा हिशेब असा की पंख्याचा वेग कायम असेल तर प्रोसेसर हवेपेक्षा किती अंश वर जाईल हे वॉटच्या प्रमाणात असतं. वॉट दुप्पट, तर हवेवरची चढ दुप्पट. म्हणजे आलेखावर आडवे वॉट, उभं तापमान घेतलं तर सरळ रेषा यायला हवी. आणि ती रेषा मागे शून्य वॉटपर्यंत वाढवली तर ती कुठे टेकली पाहिजे? हवेच्या तापमानावर! कारण शून्य वॉट खाणारा प्रोसेसर म्हणजे एक दगड, आणि दगड खोलीएवढाच गरम असतो.

शून्य वॉट प्रत्यक्षात करता येत नाहीत, पण रेषा मागे ओढता येते. बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (प्रोसेसरने किती वॉट खायचे त्याच्या दोन मर्यादा) दोन्ही एकच ठेवा: आधी २५ वॉट, मग ४५, मग ६५. पंखा एका वेगावर बांधून टाका, आपोआप बदलू देऊ नका. तिन्ही वेळा भार एकच, सगळे कोअर सारखे वापरणारा. भार बदललात तर उष्णतेची जागा बदलते आणि रेषेचं वाटोळं होतं. प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबा, मग शेवटच्या दोन मिनिटांची सरासरी घ्या. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर एकच चालू ठेवा. दोन एकाच वेळी सुपर आय/ओ चिपशी बोलायला गेली आणि एकमेकांसाठी थांबली नाहीत तर मधूनच २५५ असले अचाट आकडे येतात.

थर्मामीटर कोणता वापरणार? आधी त्याची परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, नीट ढवळून, टोक मधोमध. शून्य दाखवायला हवं.

सोल्डरचा_धूर | मंगळवार, रात्री १०:४४

पद्धत आवडली. वॉटचा आकडाही प्रोसेसर स्वतःच सांगतो हे लक्षात असू द्या. पण तो ठरावीक टक्क्यांनी जास्त-कमी असला तर रेषेचा उतार बदलेल, ती टेकते ती जागा नाही. म्हणून चालेल.

जुनी_खोकी | मंगळवार, रात्री ११:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे पीएल१ही नाही आणि पीएल२ही नाही, तरी वाचतोय.

मंद_दिवा | गुरुवार, रात्री ११:१८

घ्या. दोन संध्याकाळी गेल्या, घरचे विचारतायत की कॉम्प्युटर वापरतोयस की त्याचं ऑपरेशन करतोयस.

थर्मामीटर बर्फात ०.६ दाखवत होतं, म्हणून पुढच्या सगळ्या आकड्यांतून ०.६ वजा केलेत. खोली २७.०. पंखा मिनिटाला ११०० फेऱ्यांवर बांधला. पॅकेजचं (अख्ख्या प्रोसेसरचं) तापमान: २५ वॉटला ४२, ४५ला ५१, ६५ला ६१.

आलेख काढला. जवळपास सरळ रेषा, दर वॉटला ०.४७५ अंश. मागे ओढली तर शून्य वॉटला टेकते ३०वर. खोली २७. म्हणजे माझा सेन्सर ३ अंश जास्त दाखवतो, बरोबर ना? काम झालं?

सोल्डरचा_धूर | शुक्रवार, सकाळी ७:५०

थांबा, थांबा. काम सुरू झालं.

३०ला टेकण्याची निदान दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही याच आलेखात बसतात. पहिलं, कूलर खोलीची हवा घेतच नाही. तो कॅबिनेटच्या आतली हवा घेतो, आणि ती खोलीपेक्षा गरम असते. आतली हवा ३०ची असेल तर सेन्सर अगदी साळसूद आहे. दुसरं, सेन्सरचा चढ चुकतोय. तो १००पासून खाली मोजतो हे विसरू नका. प्रत्येक अंश त्याने ४ टक्के कमी मोजला तर १००पाशी चूक शून्य आणि २७पाशी ७३ अंशांचे ४ टक्के, म्हणजे जवळपास ३. तीन अंश गरम दाखवेल आणि रेषा सरळच राहील.

दोन्ही वेगळे करायला एक झडप उघडली की झालं. कॅबिनेटचं बाजूचं दार काढा, थर्मामीटरचं टोक कूलरच्या पंख्यासमोर, जिथून तो हवा ओढतो तिथे धरा, आणि तेच तीन प्रयोग पुन्हा. रेषा खाली आली तर आतली हवा दोषी. तिथेच राहिली तर सेन्सर.

अवांतर: आकडे एकेका अंशाच्या पायरीने येतात, तेव्हा ०.४७५मधला शेवटचा पाच फार मनाला लावून घेऊ नका.

हातसफाई | शुक्रवार, सकाळी ९:०५

काळी पट्टी लावली. ३१चे ४४ झाले. एवढंच सांगायला आलो होतो.

मंद_दिवा | शुक्रवार, सकाळी ९:३०

@हातसफाई :) :)

दार उघडून प्रयोग आज रात्री. तोवर एक जुनी शंका: कोअर ४ बाकीच्यांपेक्षा कमी असतो. रिकामा असताना एखादा अंश, पूर्ण भारात ६ अंश. त्याचा सेन्सर बिघडलाय, का माझी पेस्ट एका बाजूला कमी बसलीय?

आकडेमोडे | शुक्रवार, दुपारी १२:१०

याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सेन्सर ठरावीक अंशांनी सरकलेला असता तर फरक रिकामा असताना आणि भारात सारखाच राहिला असता. तुमचा फरक वॉटबरोबर वाढतोय, म्हणजे बहुतांशी उष्णतेचा आहे. त्या कोअरला शेजार कमी असेल, चिपच्या कडेला असेल, किंवा तिथे पेस्ट जास्त चांगली बसली असेल. संशय घ्यायचा तर इतर पाचांवर घ्या.

बाहेरून बघायचं असेल तर एकाच थ्रेडचा (एका वेळी एकच कोअर वापरणारा) भार आळीपाळीने एकेका कोअरला बांधून पाहा. पाच-सहा अंशांच्या आतले फरक मी सोडून देतो. दहाच्या पुढे गेले तर कूलर उघडून पेस्टचा ठसा बघतो.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ३:४०

आणि कूलर उघडायचाच असेल तर पुन्हा बसवताना स्क्रू तिरपे, एकाआड एक पिळा. माझा सहा अंशांचा फरक एका स्क्रूच्या दोन फेऱ्यांत गेला होता. सेन्सरला मात्र महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

मंद_दिवा | शनिवार, रात्री १२:४५

दार उघडं, खोली पुन्हा २७.०, पंखा तेवढाच. २५ वॉटला ३९, ४५ला ४९, ६५ला ५८. रेषेचा उतार तोच, ०.४७५ (शेवटचा पाच मनाला लावून घेतलेला नाही). शून्य वॉटला टेकते २७.३वर.

मग दार बंद करून थर्मामीटरची वायर फटीतून आत घातली आणि टोक कूलरच्या पंख्यासमोर लटकवलं. ६५ वॉटवर वीस मिनिटांनी: २९.८.

म्हणजे ते तीन अंश सेन्सरचे नव्हते, माझ्या कॅबिनेटचे होते. पुढच्या जाळीवरची धूळ काढली. इतकी निघाली की फोटो टाकायची लाज वाटतेय. आता दार बंद असताना पंख्यासमोर २८.१ आहे आणि ६५ वॉटला ५९. ज्या पेस्टसाठी हा सगळा खटाटोप केला, तिचा फायदा झाला की नाही ते कधीच कळणार नाही, कारण आधीचा एकही आकडा मी लिहून ठेवला नव्हता.

सोल्डरचा_धूर | शनिवार, सकाळी ८:०२

झकास. ही रेषा जपून ठेवा. दोन वर्षांनी पेस्ट वाळली की उतार वाढेल, जाळी तुंबली की टेकायची जागा वर सरकेल. तेव्हा काय उघडायचं ते उघडण्याआधीच कळेल.

जुनी_खोकी | शनिवार, सकाळी ८:२०

आमच्याकडे काहीच बदल नाही. दुसरा कोअर, ४१.